शनिवारचे किल्ले

एडिसन, ९ जून २०२५

सुमित्राताई, नमस्कार.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असाल. फोन आहे, व्हॉट्सॲप आहे, आणि ही बाई तिकीट चिकटवून पत्र धाडतेय, हिला झालंय तरी काय? सांगते. माझा फोन आणि आयपॅड दोन्ही ईशाननेच लावून दिलेत, त्याच्याच अकाउंटवर. मी लिहिलेलं त्याला तिकडे दिसतं की नाही, मला कळत नाही आणि त्यालाच विचारण्यात अर्थ नाही. पोस्टमन निदान पाकीट फोडत नाही.

विषय तुमच्या लेकीचा आणि माझ्या लेकाचा आहे. एप्रिलपासून ही दोघं दर शनिवारी कुठल्यातरी किल्ल्यावर नाहीतर दीपगृहावर जातात आणि संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर फोटो टाकतात. तुम्हीही त्याला बदाम पाठवता, मी बघते. पण ताई, ईशानला किल्ल्यांचं वेड कधीपासून लागलं? दहा वर्षांचा असताना त्याला रायगडावर नेलं होतं, तर हा पठ्ठ्या रोपवेतून वर गेला आणि दोन तास गेम खेळत बसला. सिॲटलजवळ बेलव्ह्यूला राहायला जाऊन त्यांना चार वर्षं झाली, तोवर समुद्रकिनारा दिसला नव्हता का?

तरी म्हटलं असेल, माणसं बदलतात. पण परवाचा फोर्ट वर्डनचा फोटो मी मोठा करून पाहिला. पाऊस पडतोय, दोघं तोफांच्या कट्ट्यावर उभी आहेत, आणि आश्लेषाच्या गळ्यात रेनकोटाच्या वरून मंगळसूत्र. लग्नानंतर दिवाळी सोडली तर मी तिच्या गळ्यात ते पाहिलेलं नाही. त्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही, कारण माझंही नोकरीभर लॉकरमध्येच होतं. मग आता चिखलात, रेनकोटावर, मुद्दाम दिसेल असं? मागचे सगळे फोटो उघडले. प्रत्येकात आहे.

मी चाळीस वर्षं पॅथॉलॉजिस्ट होते. काचेवरचा ठिपका जरा जास्तच नीटनेटका दिसला की मला झोप लागायची नाही. माझ्या लेकीचं, अनयाचं लग्न नोव्हेंबरात आहे. मांडवात मला मुलगा-सून जोडीने उभी हवीत आणि ती खरोखरची जोडी हवी. त्यांचं काही बिनसलंय का? तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा. तुमच्याइतकीच ती माझीही मुलगी आहे.

तुमची,
सुहासिनी


अ‍ॅशबर्न, १६ जून

सुहासिनीताईंना सुमित्राचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं, वाचून हसू आलं, रागावू नका. अहो, सून मंगळसूत्र घालत नाही म्हणून रडणाऱ्या सासवा मी पुष्कळ पाहिल्या. घालते म्हणून संशय घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच. तुमच्या अनयाचं लग्न जवळ आलंय, आश्लेषालाही वाटत असेल, आपण घरची सून आहोत, जरा तसं दिसावं. यात वाईट काय?

किल्ल्यांचं म्हणाल तर जागाच तशी आहे. मी वाचून काढलं सगळं. तिथे समुद्र आत घुसतो त्या तोंडाशी तीन किल्ले समोरासमोर बांधलेत, वर्डन, केसी आणि फ्लॅगलर. शत्रूचं जहाज आलंच तर तिघांच्या माऱ्यात सापडावं म्हणून. शंभर वर्षांपूर्वी डोंगर फोडून एवढं काँक्रीट ओतलं, भल्यामोठ्या तोफा आणल्या, आणि शत्रू काही आलाच नाही. केसीवरची तोफ तर वर येऊन बार काढायची आणि लगेच भिंतीमागे खाली बसायची, दिसायचीच नाही. येत्या शनिवारी दोघं फ्लॅगलरला जातील तेव्हा पाण्यापलीकडे वर्डनही दिसेल.

तुम्ही लग्नाच्या तयारीला लागा बघू. ओक ट्री रोडवर शालूंची खरेदी झाली का? आमचे जगन्नाथ तुम्हा दोघांना नमस्कार सांगतात.

आपली,
सुमित्रा


एडिसन, ३० जून

सुमित्राताई,

किल्ल्यांचा इतिहास कळला. मी विचारलं होतं मुलांबद्दल. दोन पानांच्या पत्रात लेकीबद्दल तीन ओळी आणि तोफांबद्दल पाऊण पान, हे आईचं पत्र वाटत नाही.

दुसरं. तुम्ही सोळा तारखेला लिहिलंत की येत्या शनिवारी ती फ्लॅगलरला जातील. पत्र मला गुरुवारी मिळालं. शुक्रवारी मी ईशानला सहज विचारलं, उद्या कुठे? म्हणाला, "आई, अजून काही डिसाइड नाही केलं." आणि शनिवारी संध्याकाळी फोटो आला तो फ्लॅगलरचाच. जाणाऱ्याला माहीत नाही आणि अ‍ॅशबर्नला बसून तुम्हाला माहीत?

तुम्ही रविवारच्या मराठी शाळेत मुलांची नाटकं बसवता. कुणी कुठे उभं राहायचं, काय घालायचं, सगळं तुम्ही सांगता, मी पाहिलंय तुमचं काम आणि कौतुकही केलंय. या फोटोंनाही कुणीतरी दिग्दर्शक आहे असं मला वाटायला लागलंय.

परवा मी ईशानकडे मुद्दाम व्हिडिओ मागितला, म्हटलं लाटांचा आवाज ऐकायचाय. आला. त्यात तो म्हणतो, "आश्लेषा, इथे उभी राहशील, प्लीज?" ती राहते. तो म्हणतो, "थँक्यू." ताई, तो तिला आशू म्हणायचा. आणि आमच्या लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, सुमंतनी मला थँक्यू म्हटल्याचं आठवत नाही, ओरडल्याचं आठवतं. नवरा-बायको इतकं जपून बोलायला लागली की समजावं, पाणी कुठेतरी मुरतंय.

तुम्हाला ठाऊक आहे. ताकाला जाऊन भांडं लपवू नका.

सुहासिनी


अ‍ॅशबर्न, ८ जुलै

सुहासिनीताई,

तुम्ही मोठ्या आहात म्हणून उलट लिहीत नाही. पण माझ्या मुलीच्या गळ्यात काय आहे, तुमचा मुलगा तिला काय म्हणतो, याच्या तुम्ही काचा करून तपासणार आणि मला साक्षीला उभं करणार, हे मला आवडलेलं नाही. कावीळ झाली की सगळं पिवळं दिसतं, हे मी डॉक्टरला काय सांगावं.

फ्लॅगलरचं आश्लेषा मला बोलता बोलता म्हणाली होती. मुली आईशी बोलतात. त्यात गुन्हा नाही.

मुलं सुखात आहेत. एवढंच कळवते.

सुमित्रा


एडिसन, १२ ऑगस्ट

सुमित्राताई,

महिनाभर मी लिहिलं नाही आणि तुम्हीही नाही. तुम्हाला वाटलं असेल, म्हातारी गप्प बसली. मी गप्प बसले नव्हते, तिकीट काढत होते.

माझी जुनी कलीग रीमा सिॲटलजवळ मुकिल्टिओला राहते. घरी सांगितलं, तिचा सत्तरावा वाढदिवस आहे. वाढदिवस मार्चमध्येच झाला, पण सुमंतना वाढदिवस कुठे लक्षात राहतात. जायच्या आधी ईशानला म्हटलं, या शनिवारी फोर्ट केसीचा फोटो पाठव, दीपगृह दिसायला हवं. आणि शनिवारी सकाळी रीमा आणि मी फेरीबोटीने पलीकडच्या बेटावर गेलो. तिचं जाकीट, तिची हॅट, काळा चष्मा. दीपगृहाजवळच्या बाकावर जाऊन बसले. खाली मैदानात लोक पतंग उडवत होते, त्यामुळे आमच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

अकराच्या सुमारास दोन गाड्या आल्या. नीट वाचा, दोन. एकीतून माझा मुलगा उतरला, दुसरीतून तुमची मुलगी. ती आरशात बघून पर्समधून मंगळसूत्र काढून घालत होती आणि हा बाजूला उभा राहून वाट बघत होता. मग दोघं तोफेजवळ गेली, एका बाईला फोन देऊन फोटो काढून घेतला, जवळ सरकून, हसून. फोटो झाला आणि तिने ते काढून परत पर्समध्ये टाकलं, चष्मा काढून ठेवतात ना तसं. खाली जाऊन दोघांना एकेक ठेवून द्यावी असं वाटलं, आणि पाठोपाठ वाटलं की पोटाशी धरावं. दोन्ही केलं नाही.

कारण त्यानंतर ती गेली नाहीत. फोटो मिळाला होता, काम संपलं होतं, तरी गेली नाहीत. त्या काँक्रीटच्या भिंतीवर बसली. आश्लेषाने डबा काढला. बोलत होती, हसत होती. ईशान हातवारे करून काहीतरी सांगत होता आणि ती हसून हसून वाकली होती. मी माझ्या मुलाला असं हसताना लग्नानंतर पाहिलेलं नाही. चांगली दोनेक तास बसली आणि मग आपापल्या गाडीत बसून गेली.

तुम्ही मला फसवलंत. त्याचा राग आहे आणि तो राहील. मुलं सुखात आहेत म्हणे. पण आता भांडायला वेळ नाही, कारण मी जे पाहिलं ते तुम्ही पाहिलेलं नाही. ही दोघं अजून एकमेकांची आहेत. त्यांना फक्त भेटायला कारण हवंय, आणि ते कारण आपण दोघी आहोत. खरं काय घडलं ते सगळं लिहा. मी कुणाला सांगणार नाही, सुमंतनाही नाही.

सुहासिनी


अ‍ॅशबर्न, २० ऑगस्ट

सुहासिनीताई,

तुमचं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. वाईट वाटलं म्हणून नाही, सुटल्यासारखं झालं म्हणून.

मार्चमध्ये आश्लेषाचा फोन आला की ईशानराव बॉथेलला वेगळ्या घरात राहायला गेलेत. मी आधी वाटेल ते विचारलं. दुसरं कुणी आहे का? नाही. दारू? नाही. मारहाण? नाही गं आई. मग काय? तर म्हणे, आम्ही दोघं दिवसभर स्क्रीनसमोर, रात्री बोलायला लागलो की भांडणच, कुणाची मीटिंग, कुणाच्या कंपनीत लेऑफ, भांडी कुणी लावायची. "आय वॉज लोनली, आई, त्याच घरात."

तुम्हाला सांगायचं नाही, हे त्या दोघांनी ठरवलं. ईशानरावांनीच हात जोडून सांगितलं की अनयाचं लग्न पार पडू दे, तिच्या सासरी चर्चा नको, आई खचेल. घटस्फोटाची कागदपत्रं डिसेंबरात करणार आहेत. किल्ल्यांची कल्पना मात्र माझी. म्हटलं, तुम्ही दोघं एकत्र दिसत राहायला हवीत, तर आठवड्यातून एकदा घराबाहेर भेटा आणि फोटो पाठवा. कॉफी शॉप नको म्हटलं, तिथे दहा मिनिटांत उठता येतं. किल्ल्यावर जायचं तर दिवस जातो. माझ्याही मनात तेच होतं हो, जे तुमच्या मनात आलं. मंगळसूत्राचंही मीच सांगितलं. तिथे चुकलं, जास्त झालं. शाळेच्या नाटकातही मी दागिने जास्तच घालते मुलांना.

तुम्ही म्हणता ती दोन तास बसली होती? आणि डबा तिने नेला होता? मला ती म्हणायची, फोटो काढून निघतो. माझ्यापासूनही लपवते म्हणजे. आता तुम्ही सांगाल तसं.

सुमित्रा


एडिसन, ३ सप्टेंबर

सुमित्राताई,

तुमच्यावर रागावून बसायचं मी ठरवलं होतं. जमत नाही. डबा तिचाच होता, आणि त्यात थालीपीठ होतं असं रीमा म्हणते, तिची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. टाकून दिलेल्या नवऱ्यासाठी कुणी सकाळी उठून थालिपीठं लावत नाही.

आता माझं ऐका. मी नकाशा समोर घेऊन बसले आहे. जवळचे किल्ले संपत आले. तेव्हा आता त्यांना दक्षिणेला धाडायचं. कोलंबिया नदी समुद्राला मिळते तिथे फोर्ट कोलंबिया आहे, आणि जवळच एका कड्यावर नॉर्थ हेडचं दीपगृह. जायलाच चारेक तास लागतात. मी ईशानला सांगितलंय, बाबांना सूर्यास्ताचा फोटो हवाय. सूर्यास्त बघून रात्री परत गाडी हाकणं शहाण्याचं काम नाही, मुक्काम पडणार. आणि दोन गाड्या इतक्या लांब कोण नेईल? सुमंतनी सूर्यास्ताचं नावही काढलेलं नाही हे वेगळं. ते सध्या केटररशी भांडतायत.

मला आताशा शनिवारची वाट बघायची सवयच लागलीय. मागच्या फोटोत त्याचा हात तिच्या खांद्यावर आहे, पाहिलात? मी मोठा करून पाहिला. बोटं नीट टेकलेली आहेत, नुसती पोज नाही. तुम्ही आश्लेषाला तिकडून जरा हवा द्या. म्हणावं, एक छानसं हॉटेल बघा, समुद्राकडे तोंड असलेलं. व्याहीभोजनाला तुमचं पान मी माझ्या शेजारी मांडणार आहे.

तुमची,
सुहासिनी


अ‍ॅशबर्न, २४ सप्टेंबर

सुहासिनीताई,

कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळच लिहिते.

ती दोघं जाऊन आली. एका गाडीने गेली, तुम्ही म्हणालात तसं. हॉटेलात दोन खोल्या घेतल्या. सूर्यास्ताचा फोटो तुम्हाला मिळालाच असेल. दुसऱ्या दिवशी आश्लेषाचा फोन आला आणि पहिलं वाक्य, "आई, हे कोण करतंय? तू की सासूबाई?" मला खोटं बोलता येईना. तुम्ही केसीला येऊन गेलात तेही सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तशी ती रागावली नाही.

मग मीच धीर करून विचारलं, अगं, तुम्ही हसता, बोलता, तू डबा नेतेस, मग परत एकत्र राहायला काय हरकत आहे? तर म्हणाली, "आई, आता भांडायला काही उरलं नाही, म्हणून हसतो. ही इज अ गुड गाय. शनिवारी भेटून संध्याकाळी आपापल्या घरी जायचं असतं, म्हणून बरं वाटतं. घर एक झालं की परत तेच होईल. आम्ही ट्राय नाही केलं असं वाटतं का तुला? दोन वर्षं केलं." ताई, तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी आशा धरली असती.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली. लिहावी की नाही, यात दोन दिवस गेले. ईशानरावांना मे महिन्यापासून सगळं तुमच्या कानावर घालायचं होतं, ते थांबलेत ते अनयासाठी. पण त्या दीपगृहापाशी बसून ते आश्लेषाला म्हणाले, "आई फोटो झूम करून करून बघते. दर वेळी विचारते, हे मागे काय दिसतंय, तो दगड कुठला. मी कसा आहे, हे तिने एकदाही विचारलं नाही." त्यांचं वजन पुष्कळ उतरलंय म्हणे. रात्री दुधातलं सीरियल खाऊन झोपतात.

मला क्षमा करा. पण हे तुम्हाला दुसरं कुणी सांगितलं नसतं.

सुमित्रा


एडिसन, ६ ऑक्टोबर

सुमित्रा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी सगळे फोटो पुन्हा काढून बसले. या वेळी फक्त त्याला बघितलं. एप्रिलमधला शर्ट त्याला अंगाबरोबर होता आणि सप्टेंबरात तोच खांद्यावरून घसरतोय. हे प्रत्येक फोटोत होतं गं. मी तिचा गळा तपासला, त्याची बोटं तपासली, तोफा तपासल्या. जन्मभर लोकांच्या पेशींतून रोग शोधला आणि पोटचा मुलगा डोळ्यांसमोर वाळत गेला तो मला दिसला नाही. तुला मी खोटारडी म्हणत होते. तू निदान त्याचं मला कळवलंस.

शनिवारी मी कुठलाच किल्ला सांगितला नाही. संध्याकाळी फोन केला आणि म्हटलं, ईशान, फोटो नको पाठवूस. तू कसा आहेस ते सांग. तो "फाइन" म्हणाला. मी काहीच बोलले नाही. त्याने विचारलं, "आई, आर यू देअर?" म्हटलं, आहे, मला घाई नाही. मग एवढा बत्तीस वर्षांचा घोडा, लहानपणी सायकलवरून पडल्यावर रडायचा तसा रडला. सगळं त्याने सांगितलं, मार्चपासूनचं. मला माहीत आहे हे मी बोलले नाही. आश्लेषाने त्याला सांगितलेलं नाही असं दिसतं, गुणाची पोर. केसीला मी बाकावर बसले होते, ते कधीतरी सांगेन. पण वेगळं झाल्याचं सांगणं त्याचं होतं, ते त्याच्याकडून काढून घ्यायचं नव्हतं. त्याने विचारलं, तू चिडलीस का. म्हटलं, नाही रे, तुझ्याकडे येतेय, बुधवारचं विमान आहे, महिनाभर राहीन. म्हणाला, "आई, माझं घर खूप छोटं आहे, एकच खोली." म्हटलं, मी जमिनीवर झोपेन, आम्ही इथे आलो तेव्हा गादी कुठे होती.

अनयाला मी सांगितलं. ती म्हणाली, "मम्मा, आय न्यू." तिला जूनपासून ठाऊक होतं म्हणे. मग सुमंतना सांगितलं. ते उठून अंगणात गेले, पाणी घालून झालेल्या झाडांना परत पाणी घातलं आणि आत येऊन म्हणाले, अनयाच्या सासरी मी फोन करतो. त्यांनी केला. पलीकडचे भले निघाले, म्हणाले, आमच्याही घरात झालंय.

राहिला प्रश्न तुझा. सुमंत विचारत होते, आता अ‍ॅशबर्नला आमंत्रण कसं द्यायचं, कुठल्या नात्याने? मी रात्रभर त्याचा विचार केला. विहीण म्हणावं तर ते मुलांनी संपवलंय. मैत्रीण म्हणावं तर मैत्रिणीवर इतका संशय घेतात का? नातं मोडायचा अधिकार त्यांच्या नात्यापुरता त्यांना, आपल्या नात्याचा त्यांना कुणी दिला? आश्लेषा आली तर मला आनंद होईल, नाही आली तर मी समजून घेईन, हे मी तिला स्वतः कळवते आहे. तुझं तसं नाही. तुला यावंच लागेल. तू हक्काने चार दिवस आधी ये, माझी नऊवारी तूच नेसवून दे, मला अजून नीट जमत नाही. लोकांनी विचारलंच, या कोण, तर तेव्हा काहीतरी सुचेल.

सुहासिनी